साहेबाला गोळी कुठं लागली?

आलापल्लीत ज्यांच्या घरी मी भाड्यानं राहिलो, त्या घरमालकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. फक्त म्हणाले, "शिट्टी येते का?"

मी म्हटलं, येते.

"वाजवा."

एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात बॅग, अशा थाटात अंगणात उभं राहून मी एक सिनेमातली चाल वाजवली. त्यांनी डोळे मिटून ती शेवटपर्यंत ऐकली आणि नाराजीनं मान हलवली. "लई साजरी वाजवता तुमी. आमच्या सायबाले अशी नोयती येत. बेसूर वाजवे तो. पण चालन. राहा."

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. मी हिवताप विभागात नवा चिकटलो होतो. गावोगाव फिरून तापाच्या माणसांच्या बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, हे माझं काम. घरमालक मला शेवटपर्यंत 'मलेरियावाले' म्हणत आले. त्यांना सगळं गाव हवालदारभाऊ म्हणायचं. खरं म्हणजे पलटणीतून सुटताना ते नाईक होते. हवालदार त्यांना आलापल्लीनं केलं. दुसऱ्या महायुद्धात विशीच्या आत-बाहेर असताना ते भरती झाले आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात एका खेचर कंपनीत पोचले. तिथं एका कोवळ्या इंग्रज अधिकाऱ्याचे ते ऑर्डर्ली होते. तोच हा साहेब. लढाई संपल्यावर ते घरी आले, वनखात्यात गार्ड झाले, भामरागडच्या जंगलात उभी नोकरी काढून निवृत्त झाले. पण गार्डकीचा विषय काढला की म्हणायचे, "ते तं पोटासाठी." त्यांच्या लेखी आयुष्य म्हणजे साहेबाबरोबरची ती दीडदोन वर्षं.

घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर होती. तिच्या शेजारी एक खिळा होता, नुसताच. पहिल्याच आठवड्यात मी त्यावर माझा सदरा टांगला. हवालदारभाऊंनी तो उतरवून घडी घालून माझ्या खाटेवर ठेवला आणि फडक्यानं खिळा पुसला. "सायबाचा हाये," म्हणाले. साहेबाचा फोटो त्यांच्याकडे नव्हता, कधीच नव्हता. पण म्हणून जागा द्यायची नाही की काय?

सकाळचा त्यांचा चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. घोट घेताना एरंडेल पिणाऱ्या पोरासारखं तोंड व्हायचं. पण साहेब असाच प्यायचा, म्हणून तेही प्यायचे. आणि तो संपला की बायकोच्या हातचा गोड, दाट दुधाचा चहा मागून घ्यायचे. "ह्यो माह्या जिवाचा," असं म्हणून तो आवाज करत प्यायचे. साहेब जंगलात बूट झटकून घालायचा, म्हणून चपला पायात घालण्याआधी उलट्या करून झटकायच्या, हा घराचा कायदा होता आणि तो पाहुण्यांनाही लागू होता. एकदा त्यांचे व्याही न झटकता चपला घालून निघाले, तर त्यांना फाटकातून परत बोलावलं होतं. 'ब्लडी' हा शब्द ते मायेनं वापरायचे. शेळी ब्लडी, पपईचं झाड ब्लडी, नातू फार आवडला की ब्लडी. रागावले की मात्र शुद्ध झाडीपट्टीतल्या शिव्या.

माणूस मोजायचं त्यांचं माप एकच. एकदा ध्वजवंदनाला नवे तहसीलदार आले होते. कार्यक्रम झाल्यावर ते ज्येष्ठांची विचारपूस करत फिरत होते. हवालदारभाऊंजवळ आले. भाऊंनी त्यांना बुटापासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि प्रेमानं सांगितलं, "तुमी चांगले हा जी. आमच्या सायबापेक्षा उलीसे कमी, पण चांगले हा." तहसीलदारांना वाटलं, साहेब म्हणजे जिल्हाधिकारी. ते एकदम खूश झाले.

साहेबाला बादशाहाचं शौर्यपदक मिळालं होतं. ती हकिकत मी इतक्यांदा ऐकली की आजही झोपेतून उठवलंत तर सांगेन. टेकडीच्या चढावर जपान्यांनी गाठलं, दोन खेचरवाले जखमी होऊन वरच पडले, खाली सगळे नाल्यात दबून बसलेले. साहेब उठला. वर गेला, एकाला पाठीवर टाकून आणला. पुन्हा गेला, दुसऱ्याला आणला. मग सगळ्यांना वाटलं, झालं. तर तो पुन्हा निघाला, आणि ह्या खेपेला गोळ्यांच्या पावसातून एक लंगडं खेचर ओढत घेऊन आला, वर त्याला शिट्टी वाजवून चुचकारत. सरकारनं पदक दिलं ते दोन माणसांसाठी. हवालदारभाऊंना ते मान्य नव्हतं. "पदक खेचरासाठी भेटलं," ते छातीठोकपणे सांगायचे. "माणसं का, कोणी बी आणते."

त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. बारीक चणीच्या, तोंडानं फटकळ. साहेबाला त्या 'माही सवत' म्हणायच्या. "लोकाच्या घरी सवत येते तं निदान धुणंभांडं तरी करते. माही सवत नुसती खिळ्यावर बसून राह्यते." हवालदारभाऊ ह्यावर नुसता काळा चहा प्यायचे.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं होतं. म्हटलं, भाऊ, इंग्रजाचं राज्य, इंग्रजाची लढाई, आणि तुम्ही पन्नास वर्षं त्या माणसाचं एवढं का करता? ते सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, "आमच्या गावात विहिरीवर आमाले कोणी चढू नोयते देत. मी भरती झालो, पलटणीत बी चार जण माह्या हातचं घेयेनात. पयल्या दिवशी साहेब आला. माह्या कमरेची पाण्याची बाटली वढली, तोंडाले लावली, अर्धी पेला. पुसलं नाई, तू कोण हायेस. तहान लागली होती, पेला." मग सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवून ते उठून गेले. मला त्यांच्याविषयी जे वाटतं ते त्या दिवसापासून वाटतं.

आमचं एकदाच बिनसलं. बोलता बोलता मी हिशोब केला आणि म्हणालो, "म्हणजे साहेब तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा. माझ्यापेक्षा लहानच की!" झालं. "सायबाले लहान म्हणता?" एवढं म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. काही दिवस निरोप सगळे बाईंमार्फत. "त्या मलेरियावाल्याले म्हणावं, मोरीचं पाणी तुंबलं." मोरी माझ्यासमोर, ते माझ्यासमोर, आणि निरोप स्वयंपाकघरातून वळसा घालून यायचा. शेवटी मी साहेबाच्या नावानं एक कप काळा चहा सगळ्यांदेखत प्यायलो, तेव्हा गाडी रुळावर आली.

आता गोळीबद्दल. चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज दुपारी चार रिकामटेकडे बसलेले असत. हवालदारभाऊ दिसले की त्यांतला एखादा हमखास विचारायचा, "भाऊ, सायबाले गोळी कुठी लागली जी?" पदकानंतर थोड्याच दिवसांत साहेब ब्रह्मदेशातच वारला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. भाऊ थांबायचे, ताठ व्हायचे आणि छातीवर बोट ठेवायचे. "इथी." कधी बोट कपाळावर जायचं. एकदा बरगडीवर गेलं. टपरीवाले एकमेकांना कोपरानं ढोसायचे, म्हणायचे, "सायबाची पार चाळणी झाली ना जी!" मलाही हसू यायचं. म्हातारपण, विसरत असतील, असं मी धरून चाललो होतो. पण नवल वाटायचं. खेचराचा कोणता पाय लंगडा होता हे ज्याला आठवतं, तो गोळीची जागा कशी विसरतो?

मग एका पावसाळ्यात त्यांना खोकला धरला तो सुटेना. मुलानं नागपूरला दाखवून आणलं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते म्हाताऱ्यानं मुलाच्या चेहऱ्यावर वाचलं. घरी आल्यावर ते स्वतःबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. एक दिवस खिळ्याकडे बघत मला म्हणाले, "माह्या मागं ह्याले कोण हाये?"

साहेबाला त्यांनी वाटेतच पुरलं होतं. पलटण पुढं निघालेली, थांबायला सवड नाही. उशाला एक बांबू रोवला आणि चालू लागले. "बांबू तं पयल्याच पावसात सडला असन. दगड पायजे होता मलेरियावाले. दगड सडत नाई."

दगडाचं त्यांच्या मनात कुठून आलं हे मला लवकरच कळलं. भामरागडच्या पुढं, नदीपलीकडच्या एका माडिया गावात त्यांचा जुना मित्र होता, तिथला म्हातारा पाटील. गार्ड असताना भाऊ महिनोन्महिने त्याच्या ओसरीवर राहिलेले. त्या गावात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करायची रीत आहे. गावाबाहेर झाडांखाली अशा दगडांच्या रांगा असतात. पाटलाची बायको त्याच पावसाळ्यात गेली होती आणि मोहफुलं पडायच्या सुमाराला तिचा दगड उभा करायचा होता. भाऊंना बोलावणं आलं. त्यांनी उलट निरोप धाडला, की माझ्या साहेबाचाही दगड त्याच दिवशी, त्याच रांगेत लावू दे.

मुलगा गडचिरोलीला मास्तर होता. तो खवळला. "बाबा, आपण बुद्धाचे. दगडधोंडे सोडून इतके वर्षं झाले. अन् तुमी आता माडियाच्या रांगेत इंग्रज उभा करता?"

"पुजून कोण राह्यलं?" भाऊ म्हणाले. "उभा करून राह्यलो."

"दोन पावलं चालले तं दम लागते तुमाले."

"म्हनूनच तं लवकर जाऊन राह्यलो."

मला त्या भागात रक्ताचे नमुने घ्यायला जायचंच होतं. खात्याच्या जीपमध्ये मी दोघांना बसवलं. बाई का आल्या, तर "हे वाटेत मेले तं ह्यायले कोण आणन?" म्हणून. भामरागडपर्यंत जीप, मग डोंग्यातून नदी, आणि पलीकडे भाऊंना खाटेवर घालून चौघा पोरांनी उचललं. खाटेवर आडवं व्हायला ते तयार नव्हते. बसूनच गेले, दाढी केलेली, टोपी सरळ.

गावात पोचताच त्यांनी आधी दगड बघितला. नदीच्या पात्रातला लांबट, काळसर दगड होता. गावच्या पोरांनी दोरखंडांनी ओढत आणून रांगेजवळ निजवून ठेवला होता. पाटलाच्या बायकोचा दगड त्याच्याशेजारी. खड्डेही खणून तयार. भाऊंनी साहेबाच्या दगडावर हात फिरवला आणि 'ब्लडी' म्हणाले. इतकं आनंदी मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

मोहाच्या झाडाखाली गावचे म्हातारे बसले. पाटलाला मराठी येत होतं, गार्डाच्या संगतीनं शिकलेलं. तो म्हणाला, "तुझा साहेब किती देवाचा?"

मला कळेना. भाऊंनी समजावलं, इथं प्रत्येक कूळ इतक्या-इतक्या देवांचं असतं, कोणी चार देवांचं, कोणी सहा, कोणी सात. त्यावर माणूस कोणत्या रांगेत जाईल ते ठरतं. मग पाटलाकडे वळून म्हणाले, "इंग्रज लोक एकच देव मानते गा."

म्हाताऱ्यांची आपसात कुजबुज झाली. एका देवाचं कूळ कुणी ऐकलेलं नव्हतं. "एकच?" पाटलानं खरोखरच्या दयेनं विचारलं. "एवढ्या दूर पाठवला पोट्टा, अन् एकच देव संग?" मग पुन्हा कुजबुज झाली आणि त्यानं सांगितलं, "आमचे सात हायेत. पुरतीन. आमच्यात घेतो त्याले."

भाऊंनी माझ्याकडे विजयानं पाहिलं.

"मेला कसा?" पाटलानं विचारलं.

भाऊ बसल्या जागी ताठ झाले. टपरीवर व्हायचे तसेच. छातीवर बोट ठेवलं. "गोळी. इथी."

म्हातारे मान खाली घालून हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिले. मग पाटील म्हणाला, आणि त्याला ते म्हणणं जड जात होतं हे दिसत होतं, "गार्ड, मंग नाई होत. ज्याले वाघ नेते, ज्याले हत्यार लागते, तो रांगेत नाई जात. त्याचा जीव तरास देते. त्याले दगड नाई. आमच्या पोराले बी नाई दिला."

"अगा, तो का भांडणात मेला?" भाऊ खोकत खोकत म्हणाले. "बादशाहानं पदक देल्लं त्याले! पदक!"

"पदक बादशाहाकडं," पाटील म्हणाला. "दगड आमच्याकडं."

भाऊंनी खूप सांगून बघितलं. माडियात सांगितलं, मराठीत सांगितलं. खेचराची गोष्ट सांगितली. म्हातारे ऐकत होते, खेचराच्या गोष्टीला एक-दोघं हसलेही, पण माना आडव्याच हलत राहिल्या. मी बाईंकडे बघितलं. त्या पदर तोंडाशी धरून नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना कळत होतं की हा माणूस इथून दगड न लावता परत गेला तर आलापल्लीपर्यंत जिवंत पोचायचा नाही.

भाऊंचं बोट अजून छातीवरच होतं. मग हात खाली आला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गोळी नाई लागली," ते म्हणाले.

पाटलानं मान वर केली.

"हगवणीनं मेला. पदक भेटलं, अन् मयना बी नोयता झाला. रगत पडे. उठता येयेना. मी धुवो. चादर धुवो, पाटलून धुवो, नाल्यात जाऊन. एवढा मोठा बहाद्दर, अन् पोट्ट्यावानी रडे. दुखते म्हणून नाई रडे. मी त्याचं धुतो म्हणून रडे. लाज वाटे त्याले. शेवटी माहा हात धरला, म्हणे, माझ्या मायले कळू देऊ नको. कोणाले सांगू नको, मी असा मेलो म्हणून. गोळी लागली म्हण." त्यांना खोकला आला. तो सरेपर्यंत सगळे थांबले. "दुसरं काई मांगतलं नाई त्यानं माह्याजवळ. एवढंच मांगतलं. म्हणून नाई सांगतलं मी. कोणाले नाई सांगतलं. आज सांगून राह्यलो."

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मले बी गोळीच सांगतली."

टपरीवरचं ते हसणं, कोपरानं ढोसणं, सगळं डोळ्यांसमोर आलं. एका पोरानं मरताना मागितलेलं खोटं ह्या माणसानं पन्नास वर्षं सांभाळलं होतं. आणि त्या पोराला उभं राहायला जागा मिळावी म्हणून आज स्वतःच्या हातानं मोडलं होतं. भाऊ जमिनीकडे बघत होते, गुन्हा कबूल केलेल्या माणसासारखे.

पाटील मात्र आश्चर्यानं त्यांच्याकडे बघत होता. "पोट गेलं त्याचं?"

"हो."

"मंग त्याच्यात लाज कायची? माही बायको बी तशीच गेली ना. पाणी लागलं, नदी भरली होती, दवाखान्यात नेता नाई आलं. मीच धुवो तिचं." तो उठला, धोतर झटकलं. "हा तं घरच्या मरणानं मेला. पयले काऊन नाई सांगतलं? एवढा वेळ बसवलं. चल, तिच्या बाजूले लाव. सोबत होईन तिले."

मग ढोल वाजायला लागले. पाटलाच्या बायकोचा दगड आधी उभा राहिला, मग साहेबाचा. भाऊंना उभं राहवत नव्हतं, तरी एका पोराच्या खांद्याला धरून ते "डावीकडं घे, डावीकडं, सरळ कर" असे ओरडत होते. खड्ड्यात माती लोटली, पायांनी धोपटली. दगड घट्ट बसला.

रीतीप्रमाणे घरच्या बायका मग दगडापाशी बसून रडू लागल्या. पाटलाच्या लेकी, सुना, बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून म्हातारीच्या दगडाला मिठ्या मारत होत्या. साहेबाच्या दगडापाशी कोणी नव्हतं. पुरुष पांगायला लागले होते. बाईंनी तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "ह्याची माय इथी नाई. मंग कोण रडन?" आणि तुरुतुरु चालत जाऊन त्या दगडाशी मांडी घालून बसल्या. एक हात दगडावर ठेवला, दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि मोकळा गळा काढला. "माह्या लेका रे... येवढ्या दूर कायले आलता रे माह्या लेका..." पहिली ओळ रीतीची असेल. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फाटला, आणि मग तो रीतीचा राहिला नाही.

हवालदारभाऊ खाटेवर बसून ऐकत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. थोड्या वेळानं अवघडून इकडंतिकडं बघत ते म्हणाले, "अवो, उलीसं हळू रडा. त्याले लाज वाटते."

"वाटू द्या," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी आवाज आणखी चढवला.